वह्या त्याच्या हातात द्या

एका बहिणीचं पत्र आलं आहे. बरंच लांब आहे, म्हणून गरजेपुरतं इथे देते.

"माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. लहानपणापासून गणितात अफाट हुशार. संख्या सिद्धांतात पीएचडी करत होता, तिसऱ्या वर्षी सगळं बिघडलं. मूळ संख्यांमधल्या अंतरांतून आपल्याला कुणीतरी निरोप पाठवतंय असं म्हणायला लागला, मग गाईडचा आवाज ऐकू यायला लागला. पाच आठवडे दवाखान्यात होता. निदान स्किझोफ्रेनिया. गेलं दीड वर्ष माझ्याकडे आहे. रात्री अकराला ओलॅन्झापिन २० मिलिग्रॅम आणि हाताच्या थरथरीसाठी ट्रायहेक्सीफेनिडिल २ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. आवाज गेलेत. पण दुपारी बारापर्यंत झोपतो, १८ किलो वजन वाढलंय, उरलेला दिवस भिंतीकडे बघत बसतो. दोनदा गोळी जिभेखाली लपवलेली सापडली, तेव्हापासून मी रोज तोंड उघडून दाखवायला लावते. म्हणतो, हाच आजार झालेल्या जॉन नॅश या अमेरिकन गणितज्ञानेही गोळ्या सोडल्या होत्या आणि तो बरा झाला. वह्या-पुस्तकं मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहेत, कारण डॉक्टर म्हणाले होते डोक्याला ताण नको. अधूनमधून मागतो. मी त्याला गोळ्या घ्यायला कसं लावू? आणि गणित आता विसर, हे त्याला कुणी आणि कसं सांगायचं? ओळखीच्या एकांकडे हिशेब लिहिण्याचं काम मिळतंय."

ताई, कुलूप काढा. हे उत्तर वाचून झालं की लगेच.

तुमच्या मूळ पत्रात गोळ्यांवर दोन पानं आहेत, वजनावर अर्धं, आणि वह्यांवर जेमतेम दोन ओळी. "अधूनमधून मागतो" एवढं लिहून तुम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलात. मी तिथेच थांबले. दीड वर्ष भिंतीकडे बघत बसलेला माणूस एक गोष्ट मागतोय. ती घरातच आहे, आणि ती त्याला मिळत नाही. तुम्ही त्याच्यासाठी किती करता ते पत्राच्या ओळीओळीत दिसतं, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण गोळी कशासाठी गिळायची, याला त्याच्याकडे आज काही उत्तर नाही. जे होतं ते तुम्ही कपाटात बंद केलंत.

डॉक्टर ताण नको म्हणाले आणि तुम्ही त्याचा अर्थ गणित नको असा घेतलात. गणिताने हा आजार होतो याला कसलाही आधार नाही. पुरुषांमध्ये स्किझोफ्रेनिया बहुतेकदा विशीच्या आगेमागे ते तिशीपर्यंत डोकं वर काढतो. संशोधनाला जुंपून घेण्याचं वयही नेमकं तेच, म्हणून घरच्यांना वाटतं की अभ्यास अति झाला. त्याचे भ्रम मूळ संख्यांचे होते, कारण त्याच्या डोक्यात दिवसरात्र त्याच होत्या. दुसऱ्या कुणाला रेडिओतून निरोप येतात. नॅशला १९५९ साली वाटत होतं की परग्रहावरच्या शक्ती 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून त्याच्याशी बोलतात. म्हणून कुणी वर्तमानपत्राला आजाराचं कारण ठरवलं नाही.

ताण कशाचा असतो तेही सांगते. लंडनमध्ये १९७६ साली वॉन आणि लेफ यांनी दवाखान्यातून घरी परतलेल्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरात सतत टीका किंवा सतत पाळत असायची आणि रुग्ण आठवड्याला ३५ तासांहून जास्त त्याच माणसांच्या समोर असायचा, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. त्यात दोष प्रेमाचा नव्हता, सुटका नसण्याचा होता. तुमच्या भावाचे किती तास तुमच्या नजरेखाली जातात ते मोजून बघा. वहीत डोकं घातलेला माणूस निदान तेवढा वेळ स्वतःचा असतो.

आता "गणित विसर" या वाक्याबद्दल. हे त्याला कुणीही, कसंही सांगायचं नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के माणसं आत्महत्येने जातात. धोका सगळ्यात जास्त असतो तो आजाराच्या पहिल्या काही वर्षांत: तरुण, शिकलेले, आजाराआधी स्वतःकडून फार मोठ्या अपेक्षा असलेले आणि आता आपलं काय झालंय हे नीट कळणारे पुरुष. या वर्णनात तुमचा भाऊ पुरता बसतो. आवाज गेलेत म्हणजे धोका टळला असं समजू नका. भान परत आलं की काय गमावलं तेही दिसायला लागतं. त्याला एकदा सरळ विचारा, "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याच दिवशी डॉक्टर. आवाज परत येऊन काही करायला सांगू लागले तरी त्याच दिवशी, पुढच्या तारखेची वाट न बघता.

नॅशच्या मुद्द्यावर तुम्ही त्याच्याशी भांडता असं दिसतं. भांडू नका, हिशेब मांडा, तो गणिती आहे. नॅशने १९७० नंतर गोळ्या घेतल्या नाहीत हे खरं आहे, त्याने स्वतःच तसं सांगितलं होतं. पण पुढचं सगळं दशक त्याने भ्रमातच काढलं, नीट सावरेपर्यंत जवळजवळ दोन दशकं गेली. ज्या कामासाठी त्याला १९९४ साली नोबेल मिळालं ते १९५० सालच्या आसपासचं, आजाराच्या कितीतरी आधीचं. १९६० च्या दशकात सक्तीच्या उपचारांनंतर मधूनमधून त्याचं डोकं ताळ्यावर यायचं, आणि त्या काळात आपल्या हातून बऱ्यापैकी गणित झालं असं त्याने नोबेलच्या वेळी लिहिलेल्या आत्मकथनात नोंदवलंय. भ्रमाच्या वर्षांबद्दल तो असं म्हणत नाही. शिवाय त्याने १९७० मध्ये जी औषधं सोडली ती जुन्या पिढीची होती. ओलॅन्झापिन बाजारात आलं १९९६ ला.

आणि एक उदाहरण म्हणजे सिद्धता नव्हे, हे तुमच्या भावाला कुणी शिकवायला नको. २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्के लोकांचा आजार उलटला, औषधाऐवजी नुसती साखरेची गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा. हे आकडे त्याच्यासमोर ठेवा आणि त्यालाच त्यांची चिरफाड करू द्या. औषधाविनाही आजार न उलटलेल्या ३६ टक्क्यांचा भाग तो लगेच दाखवेल. बरोबरच आहे, दाखवू द्या. आपण त्या ३६ मध्ये आहोत हे आधी ओळखायची कुठलीही तपासणी आज नाही, तेवढं फक्त सांगा.

त्याला न सांगितलेली आणखी एक गोष्ट असणार. गोळी बंद केली की आजार दुसऱ्या दिवशी परत येत नाही, बहुतेकदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतो. मधल्या काळात गुंगी उतरते, डोकं लख्ख वाटतं, गणित पुन्हा सुचायला लागतं. माणूस मनाशी म्हणतो, बघा, गोळीनेच मला मारलं होतं. हुशार माणसं याच टप्प्यावर फसतात, कारण समोरचा पुरावा खरा असतो. फक्त तो अर्धाच असतो.

नॅशच्या गोष्टीतून घ्यायचंच असेल तर वेगळं काही घ्या. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिशियाने, १९६३ मध्ये घटस्फोट घेतला होता, तरी १९७० मध्ये तिने त्याला आपल्या घरी राहायला जागा दिली. प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याला वाचनालयात आणि गणित विभागाच्या इमारतीत वावरू दिलं. तो तिथल्या फळ्यांवर वर्षानुवर्षं काहीबाही लिहायचा, कुणी खडू काढून घेतला नाही.

आपल्याकडचे बिहारचे गणितज्ञ वशिष्ठ नारायण सिंह घ्या. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून १९६९ साली पीएचडी, नंतर हाच आजार, १९८९ ला बेपत्ता झाले ते सापडले थेट १९९३ मध्ये. त्यांच्याबद्दल आइन्स्टाइनला आव्हान दिल्याच्या वगैरे कथा फिरतात, त्या सोडून द्या. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या भावाने सांगितलेलं: म्हातारपणीही त्यांच्यासाठी दर काही दिवसांनी नवी वही आणि पेन्सिल आणावी लागायची. घरचे आणत राहिले. त्यांच्या आयुष्यात उपचारांची जी परवड झाली ती तुमच्या भावाच्या वाट्याला आलेली नाही. तुमच्याकडे निदान आहे, डॉक्टर आहेत, गेलेले आवाज आहेत. फक्त वही नाही.

आता वही उघडल्यावर काय होईल ते आधीच सांगते, म्हणजे तिसऱ्या दिवशी तुम्ही घाबरून पुन्हा कुलूप शोधणार नाही.

त्याला स्वतःचंच लिखाण समजणार नाही. एका सिद्धतेत चार-पाच गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात, आणि नेमकी तीच ताकद या आजारात कमी होते. विचारांचा वेगही मंदावतो. त्यात गोळ्यांची गुंगी. तो पान उलटेल, चिडेल, कदाचित वही फेकेल. तुम्ही म्हणाल, बघा, झालाच ना ताण. तसं म्हणू नका. सुरुवात त्याच्या प्रबंधापासून करायचीच नाही. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं पुस्तक घ्यायला सांगा, ज्यात उदाहरणांची उत्तरं शेवटी दिलेली असतात. २५ मिनिटं, दिवसातून दोनदा, तो सगळ्यात जागा असेल त्या वेळी. तुमच्या वर्णनावरून ती वेळ दुपारी चारनंतरची वाटते. तोंडी काही करायचं नाही. पूर्वी तो ज्या पायऱ्या डोक्यातल्या डोक्यात गाळायचा त्या सगळ्या कागदावर उतरवायच्या, कारण कागदावर उतरलेली पायरी डोक्यात धरून ठेवावी लागत नाही. दोन-तीन आठवडे तरी यापुढे जायचं नाही. त्याला हे अपमानास्पद वाटेल. वाटू द्या, पण का करायचं हे त्याला समजावून सांगा, लहान मुलासारखं हातात ठेवू नका.

आजारपणात लिहिलेल्या वह्याही त्याच्याच आहेत. त्या बाजूला काढून लपवू नका. त्या उघडाव्यात की नाही आणि कुणाबरोबर बसून, हे त्याने डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलून ठरवावं.

त्याच्या विषयातला एखादा जुना मित्र असेलच. आठवड्यातून एकदा, तासभर, फोनवर. गणिताचा इथे मोठा फायदा आहे: सिद्धता दुसऱ्या माणसाला तपासता येते. भ्रमाला तपासणी चालत नाही, त्यावर विश्वास ठेवा एवढीच त्याची मागणी असते. नॅशनेही पुढे भ्रमाचे विचार तपासून नाकारायला शिकल्याचं लिहिलंय. तुम्हाला गणित येत नसलं तरी तुम्ही एक प्रश्न विचारू शकता, "या ओळीवरून पुढच्या ओळीवर कसा आलास ते सांग ना." त्याला सांगता आलं, तर तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. "ते दिसतंच आहे, तुला कळणार नाही, मला दाखवलं गेलंय" असं उत्तर आलं, तर नोंद करा.

तुम्हाला गोळ्यांवर लक्ष ठेवायचंय ना? मग वही उघडी असणं तुमच्याच फायद्याचं आहे. आजार उलटण्याआधी बहुतेकदा काही दिवस ते काही आठवडे खुणा दिसतात. तुमच्या भावाच्या बाबतीत त्या अशा असतील: सलग दोन रात्री नेहमीपेक्षा खूप कमी झोप आणि रात्री उठून लिहिणं, समासात तारखा, गाड्यांचे नंबर, माणसांची नावं येऊ लागणं, पायऱ्या गळून नुसते बाण आणि वर्तुळं उरणं, पानं लपवणं. तो आज ठीक आहे, तर आजच त्याच्यासोबत बसून ही यादी करा, त्याच्या शब्दांत आणि त्याच्या अक्षरात. खाली लिहा: यातल्या दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या तर ४८ तासांच्या आत डॉक्टरांना फोन, आणि तो फोन ताईने केला तरी मी चिडणार नाही. त्याची सही घ्या, तुमचीही करा. खूण दिसली म्हणून वही मात्र जप्त करायची नाही. एकदा जप्त केलीत की पुढच्या वेळी तो लपवून लिहील, आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही.

गोळ्यांबद्दल. २० मिलिग्रॅम हा नेहमीच्या डोसांमधला वरचा आकडा आहे. दवाखान्यातून बाहेर पडताना तो लागला असेल, दीड वर्षानंतरही तेवढाच लागतो का हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तुम्ही तो विचारल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. गोळी घेतल्यावर सुमारे सहा तासांनी रक्तातली पातळी सगळ्यात वर जाते, आणि निम्मी उतरायला साधारण ३० तास लागतात. रात्री अकराला घेतली तर पहाटे पाचला शिखर. तो बारापर्यंत झोपतो यात नवल ते काय! आठ वाजता घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना फोनवर विचारता येईल.

दुसरी गोळी मला जास्त खुपते. ट्रायहेक्सीफेनिडिल थरथर आणि अंग आखडणं कमी करते, पण स्मरणशक्ती आणि एकाग्रतेला मारक आहे. बऱ्याचदा ती सुरुवातीला दिली जाते आणि मग कुणी बंद करायचं लक्षात ठेवत नाही. ओलॅन्झापिनवर अनेकांना तिची गरजच पडत नाही. गणित करणाऱ्याच्या चिठ्ठीत ती अजून का आहे हे नक्की विचारा. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ती पायरीपायरीने उतरवतात. ओलॅन्झापिनही तसंच. कमी करायचं ठरलं तर एका वेळी अडीच किंवा पाच मिलिग्रॅम, दोन पायऱ्यांमध्ये आठवडे किंवा महिने, आणि प्रत्येक पायरीला ती खुणांची यादी समोर. वजन आणि गुंगी दोन्ही असह्य असतील तर अ‍ॅरिपिप्राझोलसारख्या औषधावर हळूहळू नेता येतं. त्याने झोप आणि वजन कमी वाढतं, पण काहींना आतून अशी अस्वस्थता येते की एका जागी बसवत नाही, येरझारा सुरू होतात. ती औषधाची असते, आजाराची नव्हे. घरच्यांना आजार वाढलाय असं वाटतं, डोस वाढवला जातो आणि येरझारा आणखी वाढतात. तसं झालं तर लगेच कळवायचं.

वजनाच्या बरोबरीने कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि चरबीची रक्ततपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी. १८ किलो वाढल्यावर तर आत्ताच करा.

तो सिगारेट ओढतो का हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि सोडणार असेल तर सोडायच्या आधी सांगा. धुरामुळे ओलॅन्झापिन शरीरातून लवकर निघून जातं. सिगारेट अचानक बंद झाली की त्याच डोसाची पातळी वाढते आणि गुंगी दुप्पट झाल्यासारखी वाटते.

तोंड उघडायला लावणं बंद करा. २९ वर्षांचा माणूस आहे तो. रोजची झटापट दोघांनाही नको असेल तर लांब मुदतीची इंजेक्शनं असतात, काही दोन आठवड्यांनी, काही महिन्याने. ओलॅन्झापिनचंही आहे, पण ते दिल्यावर किमान तीन तास दवाखान्यात थांबावं लागतं, म्हणून बरेच डॉक्टर दुसरं औषध निवडतात. इंजेक्शन हवं की गोळी, हे त्याला ठरवू द्या. रोजची आठवण नको म्हणून स्वतःहून इंजेक्शन मागणारी माणसं असतात. शिक्षा म्हणून समोर ठेवलंत तर तो कधीच हो म्हणणार नाही.

हिशेबाचं काम त्याला आवडलं तर अर्धा दिवस करू दे. घराबाहेर पडेल, चार पैसे हातात येतील. गणिताच्या बदल्यात मात्र ते देऊ नका. पीएचडीचा राजीनामा कुणाच्याही सांगण्यावरून लिहायचा नाही, वैद्यकीय रजा वाढवून घ्यायची. गाईडशी कुणी बोलायचं आणि किती सांगायचं हेही तोच ठरवेल. लक्षात घ्या, भासांमध्ये आवाज त्यांचाच होता, त्यामुळे खऱ्या माणसाचा फोनही त्याला सुरुवातीला जड जाईल.

तो पुन्हा संशोधन करेल का? काही जण करतात, काही जण शिकवतात, काहींना वाचण्यापुरतंच गणित उरतं. तुमच्या भावाचं काय होईल ते वही बंद ठेवून कुणालाच कळणार नाही.

आज संध्याकाळी किल्ली त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "मी हे तुला न विचारता केलं, चुकलं माझं." त्यावर आणखी काही जोडू नका, थोडा वेळच हं, जपून हं, काहीही नको. पुढचे दोन आठवडे त्याला एका कागदावर रोज तीनच गोष्टी लिहू दे: किती वाजता उठलो, किती मिनिटं बसू शकलो, कुठे अडलो. डॉक्टरांकडे जाताना तो कागद त्याच्या हातात असू दे. आत गेल्यावर आधी तो बोलेल, तुम्ही नंतर.